परकायाप्रवेश नको, कान द्या!

हल्ली ऐकण्याला बरे दिवस आले आहेत. ज्याला त्याला दुसऱ्याचे ऐकायचे आहे. कचेऱ्यांतून त्यासाठी शिबिरे भरतात; शाळामास्तरांना त्याचे पाठ दिले जातात; पुस्तकांच्या दुकानात व्यक्तिमत्त्वविकासाच्या कपाटापाशी उभे राहावे, तर 'ऐकण्याची कला' शिकवणारी निदान चार पुस्तके अंगावर येतात. समोरच्याच्या डोळ्यांत पाहा, मधूनमधून मान हलवा, त्याचेच वाक्य थोडे फिरवून त्याला परत करा, आणि शेवटी हळुवार आवाजात म्हणा, "मी तुमच्या भावना समजू शकतो." एवढे साधले की तुम्ही सहृदय ठरलात! पंडितांनी या सहृदयतेला 'समानुभूती' असे भारदस्त नावही दिले आहे. दुसऱ्याच्या जागी जाऊन उभे राहायचे आणि त्याला जे वाटते ते आपल्याला वाटून घ्यायचे, असा तिचा अर्थ.

माझे म्हणणे असे आहे, की "मी समजू शकतो" हे आपल्या बोलण्यातले एक अत्यंत निर्दय वाक्य आहे. बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्याचा याहून सभ्य मार्ग अजून कोणाला सापडलेला नाही. सणासुदीला असले कडू बोलू नये, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट फोडून त्याचा रस जिभेला लावायची रीत आपल्याकडे आहेच. फराळ त्यानंतरचा. हा लेख त्या कारिटाच्या जागी समजावा.

आधी माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. माझी एक धाकटी आत्या होती. तिला घरात सगळे माई म्हणत. वैधव्य तिच्या वाट्याला लवकर आले. पुढे तिचा एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी विषमज्वराने गेला, आणि ती साताऱ्याला आमच्या घरी राहायला आली. तिला कोणी दुखावले नाही. उलट, सगळे तिला फुलासारखे जपत. पण माई चिडे. दिवाळी जवळ आली की तिचा राग घरभर फिरे. भाजणीचा डबा आपटला जाई; करंजीचे सारण सैल झाले म्हणून माझ्या आईला नाही नाही ते ऐकून घ्यावे लागे; पहाटे आम्हा पोरांना उटणे लावताना तिचा हात असा चाले, की अंग सोलून निघते की काय असे वाटे. 'दुःखाने बिचारीचा स्वभाव बिघडला,' असा निकाल घराने एकमताने देऊन टाकला होता.

एका वसुबारसेच्या संध्याकाळी वडील ओसरीवर बसले होते आणि मी पणत्यांच्या वाती वळत होतो. मला तेव्हा बारावे वर्ष असेल. माई बाहेर आली, खांबाला टेकून उभी राहिली, आणि कोणी काही विचारले नसताना म्हणाली, "दादा, मला रडू येत नाही रे. मला राग येतो."

माझे वडील मायाळू होते, वाचलेले होते. ते म्हणाले, "अगं, राग नव्हे तो. दुःखच रागाचे सोंग घेऊन येते. मी समजू शकतो तुझे."

माईने त्यांच्याकडे एकदा पाहिले, पदराला हात पुसले आणि ती आत गेली. त्यानंतर ती तेवीस वर्षे आमच्या घरात होती. ते वाक्य पुन्हा तिच्या तोंडून कोणी ऐकले नाही.

वडिलांचे काय चुकले? त्यांचे निदान कदाचित अगदी बरोबर असेल. पण त्यांनी तिचे वाक्य तिच्या हातातून काढून घेतले, त्यातला 'राग' हा शब्द पुसून तिथे 'दुःख' हा आपल्या पसंतीचा शब्द घातला, आणि ते नीटनेटके करून तिला परत दिले. माईने सांगितलेले कोणी ऐकलेच नाही. वडिलांनी ऐकले ते वडिलांचेच.

शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उभयभारतीने संसारसुखाविषयी प्रश्न विचारले. संन्याशाला त्यांची उत्तरे कुठून यावीत? तेव्हा आचार्यांनी आपला देह शिष्यांच्या राखणीत ठेवला आणि ते अमरुक राजाच्या शरीरात शिरले. आजची समानुभूतीची शिकवण हा त्याच सिद्धीचा स्वस्तातला अवतार आहे. पण त्या कथेतली एक बारीक गोष्ट आपल्या ध्यानातून निसटते. राजा अमरुक मेलेला होता! परकायाप्रवेशासाठी त्या कायेतला मूळचा जीव आधी निघून जावा लागतो. मी जेव्हा तुमच्या जागी जाऊन उभा राहतो, तेव्हा ती जागा मी तुमच्यापासून रिकामी करून घेतलेली असते. मग तिथे मला जे वाटते ते माझेच असते. फक्त अंगरखा तुमचा.

हे माझे घरगुती तर्कट आहे असे कोणास वाटू नये. मानवशास्त्र नावाच्या विद्येने या प्रश्नावर शंभर वर्षे डोके फोडले आहे. परक्या लोकांत जाऊन राहायचे, त्यांची भाषा शिकायची आणि त्यांचे जगणे त्यांच्याच डोळ्यांनी समजून घ्यायचे, हा तर तिचा धंदाच. तिच्या अनुभवातून या बाबतीत काय निघाले, ते पाहण्यासारखे आहे.

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हे या विद्येतले एक मूळपुरुष. जन्माने पोलिश. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ च्या दरम्यान, त्यांनी न्यू गिनीच्या पूर्वेकडील ट्रॉब्रिअंड बेटांवर दोन मुक्काम केले. तिथल्या गावातच तंबू ठोकला आणि तिथली भाषा आत्मसात केली. त्या बेटांवर एक विलक्षण देवघेव चाले. लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि पांढऱ्या शिंपांची कंकणे उलट्या दिशेने, होड्यांतून समुद्र ओलांडून बेटाबेटांवरून फिरत असत. कोणी ती कायमची ठेवून घेत नसे. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटावा. मालिनोव्स्कींनी प्रत्येक होडी, प्रत्येक मंत्र, प्रत्येक मानपान विचारून विचारून लिहून घेतले, आणि १९२२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की त्या माळाकंकणांनी अवघी बेटे नात्याने बांधलेली आहेत. शेजाऱ्याकडून आलेले फराळाचे ताट रिकामे परत न करणाऱ्या आपल्या घरांना हे कळायला जड जाऊ नये.

अशा माणसाचे त्या बेटकऱ्यांवर किती प्रेम असेल! सर्वांची तशीच समजूत होती. मालिनोव्स्की १९४२ साली वारले आणि १९६७ साली त्यांची खाजगी रोजनिशी छापून आली. तिने विद्वानांच्या जगात खळबळ उडाली. त्या रोजनिशीतला मालिनोव्स्की कंटाळलेला, चिडलेला, कादंबऱ्यांत तोंड खुपसून बसणारा होता. ज्यांच्यात राहत होता त्यांच्याविषयी त्याने तिथे संतापाने आणि तुच्छतेने लिहिले होते. १९७४ साली क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने त्यावरून नेमका प्रश्न उभा केला: परक्याच्या अंतरंगात शिरण्याची ती दैवी शक्ती या गृहस्थापाशी नव्हतीच, तर मग त्याला इतके कळले कसे?

मालिनोव्स्कींची तुच्छता क्षम्य होती असे मी म्हणत नाही. पण त्यांचे उदाहरण आपली एक गोड समजूत मोडून टाकते. ऐकण्यासाठी आधी अंतःकरण भरून यावे लागते, ही ती समजूत. ऐकणे हे काम आहे. जसे दळण, जसे शिवण. मन प्रसन्न असो वा नसो, ते नीट करता येते. आणि मन कितीही भरून आले, तरी हात न चालवता ते होत नाही. माझ्या वडिलांचे डोळे माईसाठी भरून येत असत. काम मात्र झाले नाही.

आता दुसरे उदाहरण. आणि ते माझ्या जिव्हारी लागलेले आहे. फिलिपीन्समधील लुझॉन बेटावर इलोंगोट नावाची लहानशी जमात राहते. नरमुंड तोडण्याची रीत तिच्यात होती. रेनाटो रोझाल्डो हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ आपली पत्नी मिशेल हिच्यासह १९६७ ते १९६९ या काळात तिच्यात राहिले आणि १९७४ साली पुन्हा गेले. मुंडके का तोडता, असे विचारल्यावर इलोंगोट वृद्धांनी त्यांना एका ओळीत उत्तर दिले: जवळचे माणूस गेले की राग येतो, तो राग टाकून देण्यासाठी. तोडलेले शिर ते जवळ बाळगीतही नसत, भिरकावून देत.

रोझाल्डोंना हे उत्तर फारच तोकडे वाटले. विद्वान माणसाला सरळ उत्तर पचत नाही! त्यांनी त्याच्या तळाशी काहीतरी खोल शोधायला सुरुवात केली. एका मृत्यूची दुसऱ्या मृत्यूने भरपाई होते, असा काही देवघेवीचा नियम असेल, अशी उपपत्ती त्यांनी इलोंगोटांपुढे मांडून पाहिली. असले काही आमच्या मनात नसते, असे त्यांनी सांगितले. १९७२ साली फिलिपीन्समध्ये लष्करी कायदा पुकारला गेला, आणि मुंडके तोडल्यास गोळी घालतील अशी बातमी पसरल्यावर ती रीत थांबली. पुढे रोझाल्डोंनी एका जुन्या मुंडकेविजयाच्या सोहळ्याची ध्वनिफीत त्यांना ऐकवली. ऐकवा म्हणून हट्ट त्यांचाच होता. पण थोड्याच वेळात ती बंद करायला लावली. ते गाणे काळीज ओढून काढते, गेलेली माणसे आठवतात, आणि आता तो राग टाकायला जागा उरलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

११ ऑक्टोबर १९८१ रोजी लुझॉनमध्येच इफुगाओ भागात पायवाटेने चालत असता मिशेलचा पाय घसरला. ती कड्यावरून खाली नदीत कोसळली आणि गेली. पत्नीचे प्रेत पाहताक्षणी आपल्या मनात सर्वांत आधी उसळला तो राग, असे रोझाल्डोंनी लिहून ठेवले आहे. मला टाकून ही गेलीच कशी, हा राग. इलोंगोट वृद्धांचे ते एका ओळीचे उत्तर आपण प्रथम टिपून घेतले त्यानंतर सुमारे चौदा वर्षांनी त्याचे वजन आपल्याला उमगले, अशी कबुली त्यांनी दिली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. खांबाला टेकून उभी असलेली माई माझ्यासमोर आली. हजारो कोसांवरच्या डोंगरातले वृद्ध आणि साताऱ्याच्या ओसरीवरची आत्या एकच वाक्य बोलली होती, आणि दोन्हीकडच्या शहाण्यांनी ते सारखेच दुरुस्त केले होते.

इथे कोणी मला अडवील. म्हणेल, "तुमचे हे उदाहरण तुमच्यावरच उलटते. रोझाल्डोंना कळले ते स्वतःवर प्रसंग आला तेव्हाच. म्हणजे दुसऱ्याच्या जागी गेल्याशिवाय कळत नाही, हेच खरे!" आक्षेप बिनतोड वाटतो खरा. पण त्याचा अर्थ काय होतो, तो पाहा. पुत्रशोक कळायला आपला पुत्र जावा लागेल. भूक कळायला आपली चूल विझावी लागेल. मग जगात कोणी कोणाचे काही जाणायलाच नको! वस्तुस्थिती अशी आहे, की रोझाल्डोंना लागणारे ज्ञान चौदा वर्षे त्यांच्या वहीत पडून होते. दुर्दैवाने त्यांना नवे असे काही सांगितले नाही. जे सांगितले गेले होते त्यावर विश्वास ठेवायला लावले. तो विश्वास आधीच ठेवता आला असता. शिवाय, प्रसंग ओढवल्यानंतरही त्यांनी आपला शोक आणि इलोंगोटांचा शोक एकच आहे असा दावा केला नाही. दोहोंतला फरक त्यांनी आवर्जून सांगितला. आपण मात्र शेजारणीच्या मयताला जातो आणि "आमच्या काकांचेही असेच झाले होते," म्हणून आपल्या काकांची कथा तिला ऐकवून येतो.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे. मुंडकी तोडणाऱ्याचेही निमूट ऐकायचे काय? ऐकायचे, मान्य करायचे नाही. ऐकणे आणि मान डोलावणे यांत फरक करता येत नसेल, तर तो दोष आपल्या मानेचा आहे.

मग ऐकणे हे एक तंत्र आहे काय, की जे शिबिरात दोन दिवसांत शिकता यावे? तेही नव्हे. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसोपचारज्ञाने रिचर्ड फार्सन यांच्यासह १९५७ साली मन लावून ऐकण्यावर एक पुस्तिका लिहिली. आज शिबिरांतून जे विकले जाते त्याचा बराचसा उगम तिथे आहे. रॉजर्स स्वतः रोग्याचे म्हणणे अत्यंत आस्थेने ऐकत. पण लोकांनी त्यातून उचलले ते एवढेच, की रोग्याचे शेवटचे वाक्य त्यालाच परत करायचे. हे विडंबन रॉजर्सनाही खुपले, आणि पुढे त्यांनी तसे लिहिले. त्याची खरी शोभा मात्र एका यंत्राने केली. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. तुम्ही टंकलेखन करून म्हणावे, "मला आईची आठवण येते," की तो विचारी, "आईविषयी आणखी सांगा." त्या यंत्राला आई ठाऊक नव्हती आणि आठवणही ठाऊक नव्हती. तरी वायझेनबाउम यांची स्वतःची सेक्रेटरी त्याच्याशी थोडे बोलल्यावर त्यांना म्हणाली, की आपण जरा खोलीबाहेर जाल का? आज तर असली यंत्रे कितीतरी हुशार झाली आहेत आणि ती घरोघर, हाताहातांत पोचली आहेत. मान डोलावण्याचे तंत्र एवढेच ऐकणे असेल, तर ते काम आता खुशाल यंत्रांकडे सोपवावे. ती चिडत नाहीत आणि त्यांना जांभई येत नाही. पण माणसाने ज्यासाठी माणसाकडे यावे, ते काहीतरी वेगळे असले पाहिजे.

ते काय, हे आपल्या मराठीला फार पूर्वी कळलेले आहे. "मुलगा ऐकत नाही," असे आई म्हणते तेव्हा तो बहिरा आहे असा अर्थ आपण करतो काय? ऐकणे म्हणजे ऐकून तसे वागणे. ऐकलेल्याने आपले काही हलणे. बाकीच्याला आपण 'ऐकून घेणे' म्हणतो, आणि या कानाने घेतलेले त्या कानाने सोडतो. गंमत अशी, की हे ऐकणे आपण नेहमी धाकट्यांकडून मागतो. मुलाने बापाचे ऐकावे, सुनेने सासूचे, गड्याने मालकाचे. सांगण्याचा मान थोरांचा. ऐकण्याचे काम धाकट्यांचे. मानवशास्त्राने थोर काही केले असेल तर ते हेच, की शिकलेल्या माणसाला अशिक्षिताच्या अंगणात धाकट्यासारखे नेऊन बसवले. आपल्याकडे नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, आणि ज्ञानेश्वरांनीही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले ते अवधानच. पण देवाच्या कथेपुरते जे अवधान आपण देतो, ते ओसरीवरच्या माईला देत नाही.

आपल्या इरावती कर्वे यांची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे. बर्लिनमध्ये त्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांवर संशोधन करीत होत्या. पुढे नाझींच्या वंशविचाराला आधार पुरवणारे हेच ते फिशर. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध जुळावा आणि त्यातून गोऱ्यांचे श्रेष्ठत्व निघावे, ही गुरूची धारणा. या चित्पावन मुलीने कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे गुरूला लिहून दिले. मुक्या कवट्यांचेसुद्धा जिने ऐकले, तिने पुढे जित्या माणसांचे ऐकले यात नवल नाही. पंढरीच्या वारीत त्या दिंडीबरोबर चालल्या, त्या आनंदात न्हाल्या, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठे वेगवेगळे जेवतात ही टोचणीही त्यांनी लिहून ठेवली. कोयनेचे धरण झाले. साऱ्या महाराष्ट्राने वीज मोजली. इरावतीबाई आणि जाई निंबकर यांनी मात्र त्या पाण्यामुळे उठलेल्या माणसांकडे जाऊन, तुमचे काय झाले, याची पाहणी केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे विचारणाऱ्यांनी विचारले; सांगणाऱ्यांनी सांगितले. आणि तरीही कोयनेचे धरणग्रस्त एकविसाव्या शतकात आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर बसलेले आपण पाहिले. त्यांचे म्हणणे सरकारदरबारी ऐकून घेतले गेले होते. ऐकले गेले नव्हते.

म्हणून माझा झगडा समानुभूती या शब्दाशी नाही. ती आळसाला पांघरूण पुरवते, याच्याशी आहे. मला तुमच्यासारखे वाटले, की माझे काम संपले. वाटण्याला खर्च नाही. पण मला तुमचे कळलेले नाही, असे जो कबूल करतो, त्याला पुढचा प्रश्न विचारावा लागतो. उत्तर आपल्या समजुतीला धरून आले नाही, तर ती समजूत मोडावी लागते. व्यक्तिमत्त्वाचा विकास ज्याला म्हणतात, तो झालाच तर अशा मोडतोडीत होतो. आरशासमोर हळुवार चेहरा करण्याने होत नाही.

आता चार दिवस घरे भरतील. लेकी माहेरी येतील, परगावची भावंडे भेटतील, कोपऱ्यातल्या खुर्चीवर एखादी आजी वा काका बसलेले असतील. ते काहीतरी बोलतील. शंभरदा सांगितलेलेच सांगतील, किंवा भलत्या वेळी भलतेच बोलतील. त्या वेळी कृपा करून त्यांच्या कायेत शिरू नका. चकली खाली ठेवा आणि त्यांनी जो शब्द वापरला तोच शब्द धरून एक प्रश्न विचारा.

दर भाऊबीजेला माई माझ्या वडिलांना ओवाळी, आणि वडील तिच्या तबकात उत्तमातले उत्तम लुगडे ठेवीत. तेवीस वर्षांत एकदाही त्यांनी तिला विचारले नाही, "माई, राग येतो तो कोणावर ग?" मोठा झाल्यावर मीही विचारले नाही. देवावर, गेलेल्या मुलावर, की तिला इतक्या मायेने जपणाऱ्या आम्हा सगळ्यांवर, हे आता विचारायला ती नाही.